लेकराला कोणी विचारलं?



ओट्यावर लहान मूल दिसलं की येणारा-जाणारा एक प्रश्न हमखास टाकतो. ‘काय रे, तुला आई जास्त आवडते का बाबा?’ मूल लाजतं, पदराआड तोंड लपवतं, जरा चलाख असलं तर ‘दोघंपण’ म्हणून सुटका करून घेतं. सगळे हसतात आणि विषय तिथंच संपतो. पण नवरा-बायकोचं फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं, की हाच गमतीचा प्रश्न त्या लेकराच्या मानेवर येऊन बसतो. तेव्हा ‘दोघंपण’ म्हणून चालत नाही.

पोटगीवरच्या भाषणानंतर गटागटांतून जे प्रश्न आले, त्यांतले निम्मे पोटगीचे नव्हतेच. ते मुलांचे होते. पोरं कोणाकडं जातात? कोर्ट पोरांना विचारतं का? किती वर्षांच्या पोराचं ऐकतात? सासरचे म्हणतात पोरगा आमचा वंश, तो आमच्याकडंच राहणार, ते खरं का? म्हणून आज आम्ही याच गोष्टीचा इतिहास सांगायचं ठरवलं. कलमं पाठ करायची नाहीत. ही कलमं कुठून आली आणि त्यांच्यात मूल कधी शिरलं, ते पाहू.

सुरुवात मुंबईतून करू, आणि तीही १८४३ सालापासून. तेव्हा आजचं हायकोर्ट नव्हतं, ते १८६२ साली आलं. त्याआधी इंग्रजांचं सुप्रीम कोर्ट मुंबईत होतं. त्या कोर्टापुढं श्रीपत शेषाद्री नावाच्या ब्राह्मणाच्या पोराचं प्रकरण आलं. श्रीपतचं वय बारा वर्षांच्या आसपास. त्याचा थोरला भाऊ नारायण त्याच साली ख्रिस्ती झाला होता आणि श्रीपत भावासोबत रॉबर्ट नेस्बिट या स्कॉटिश मिशनऱ्याकडं राहत होता. बापानं कोर्टात अर्ज केला की माझा मुलगा मला परत द्या. मुलगा म्हणत होता, मला जायचं नाही.

आता इथं प्रश्न सरळ होता. बारा वर्षांच्या मुलाचं मन कोर्टानं विचारात घ्यायचं की नाही? मिशनऱ्यांची बाजू होती की मुलगा समजदार आहे, त्याला काय पाहिजे ते त्याला कळतं, तेव्हा त्याची समज तपासा. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी ते मानलं नाही. मुलगा अज्ञान आहे, बापाचा त्याच्यावर हक्क आहे, त्याच्या समजुतीची परीक्षा घेत बसायचं कारण नाही, असा निकालाचा रोख होता. श्रीपतला बापाच्या हवाली केलं.

गोष्ट इथं संपली असती तर बाप जिंकला, पोरगा घरी गेला, एवढंच म्हणता आलं असतं. पण घर तरी त्याला लगेच मिळालं का? तो परधर्मीयांच्या घरी जेवलेला, म्हणजे त्या काळच्या हिशेबानं बाटलेला. त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावं म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. तेच बाळशास्त्री, ज्यांनी १८३२ साली ‘दर्पण’ हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र काढलं. त्यांना सनातनी मंडळींचा मोठा रोष पत्करावा लागला. पुस्तकांत हे प्रकरण आजही बाळशास्त्रींचं धाडस म्हणून सांगतात, आणि ते धाडस होतंच. दुसरीकडं नारायण शेषाद्री पुढं नावाजलेले पाद्री झाले आणि जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव त्यांनी वसवलं, तेही सांगतात. बाप, मिशनरी, शास्त्री, न्यायाधीश, सगळ्यांचं म्हणणं कागदावर आहे. ज्याच्यावरून एवढं रण पेटलं, त्या पोराच्या वाट्याला मात्र त्या कागदांत फार थोड्या ओळी आल्या. कोणाचा धर्म बरा, कोणाचा नाही, यात आम्हाला इथं जायचं नाही. आम्हाला दिसतं ते एवढंच की, दोन्ही बाजूंनी त्या पोराला ओढलं आणि कोर्टानं त्याला विचारायचं टाळलं.

पेरीसाहेबांनी हा कायदा आणला कुठून? इंग्लंडमधून. आणि इंग्लंडमध्ये तेव्हा लेकरांवर आईचा हक्क जवळपास शून्य होता. कॅरोलाइन नॉर्टन नावाच्या लेखिकेचं उदाहरण फार प्रसिद्ध आहे. नवरा मारहाण करायचा. १८३६ साली त्यानं तिची तीन मुलं उचलून दुसरीकडं नेऊन ठेवली, आणि कायदा त्याच्याच बाजूनं होता. तीही गप्प बसली नाही. तिनं पत्रकं लिहिली, पार्लमेंटच्या सभासदांच्या मागं लागली आणि १८३९ साली कायदा झाला. सात वर्षांखालची मुलं आईला मिळावीत म्हणून तिला कोर्टात अर्ज करता येऊ लागला, मोठ्या मुलांना भेटण्याचीही परवानगी मागता येऊ लागली. मात्र बाईवर व्यभिचार शाबीत झालेला नसावा, अशी अट. बापाला अशी अट नव्हती, हे वेगळं सांगायला नको. आणि एवढं करून कॅरोलाइनच्या पदरात काय पडलं? तिचा धाकटा मुलगा १८४२ साली घोड्यावरून पडून जखमी झाला आणि ती पोचेपर्यंत गेला होता.

बायकांचा हक्क इंचाइंचानं पुढं सरकत होता, तरी मुलाच्या मनाला अजून जागा नव्हतीच. १८८३ साली इंग्लंडच्या कोर्टात सोळा वर्षांच्या एका मुलीचं प्रकरण गेलं. तिला सुट्टीचे काही दिवस आईजवळ राहायचं होतं. बाप नको म्हणत होता. नुसती सुट्टी बरं का, कायमचं नाही. सोळा वर्षांची जाणती मुलगी, वरच्या कोर्टातले मोठे न्यायाधीश, आणि निकाल काय? बाप म्हणतो ते खरं. आपल्याकडं सोळाव्या वर्षी मुलगी शेतातलं, घरातलं निम्मं काम ओढते, धाकट्या भावंडांना सांभाळते. आईकडं चार दिवस जायचं की नाही, हे मात्र तिनं ठरवायचं नाही.

हे सगळं साहेबाच्या देशातलं. आपल्याकडं खेड्यापाड्यांत काय होतं? आपल्याकडं मुलांचा प्रश्न घटस्फोटापेक्षा वैधव्यातून जास्त यायचा. पुष्कळ जातींत विधवेचा पाट लागायचा. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत तो बंद होता. १८५६ साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला, हे आपण शाळेत शिकलो. ईश्वरचंद्र विद्यासागरांचं नावही घेतलं. पण त्या कायद्याचं तिसरं कलम शाळेत कोणी वाचून दाखवत नाही. विधवेनं दुसरं लग्न केलं तर मेलेल्या नवऱ्याचा बाप, आई, भाऊबंद कोर्टात जाऊन म्हणू शकत होते की आता या मुलांना दुसरा पालक नेमा. म्हणजे बाईला कुंकू मिळालं, पण लेकरं हातची जाण्याची भीती त्याच कागदावर लिहिलेली होती.

त्या कलमाला एक शेपूट आहे, ते ऐकण्यासारखं आहे. मुलांच्या नावावर पोटापुरती मालमत्ता नसेल, तर आईच्या संमतीशिवाय दुसरा पालक नेमायचा नाही. नेमायचाच असेल, तर त्या नातेवाइकानं मुलांच्या पालनपोषणाची हमी कोर्टात द्यायची. आम्ही हे वाचलं तेव्हा एकमेकींकडं बघून हसलो. कायदा करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव पक्का ठाऊक होता. ज्या लेकराच्या नावावर जमीन, त्याच्यावर दावा सांगायला दहा जण येतील. ज्याच्या नावावर काही नाही, ते आईचं. आजसुद्धा गावात पोरक्या मुलाच्या ताब्याची भांडणं ऐकली की आधी सातबारा बघावा असं वाटतं. त्या कलमात मालमत्तेचा शब्द आहे, आजा-आजीचा आहे, आईच्या संमतीचाही आहे. लेकराच्या इच्छेचा नाही.

तो शब्द आला १८९० साली. त्या वर्षी पालक व पाल्य कायदा झाला. हा कायदा आजही लागू आहे, सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी. आपल्या जिल्हा न्यायालयात मुलाच्या ताब्याचा अर्ज पडतो तो पुष्कळदा याच कायद्याखाली. याचं सतरावं कलम सांगतं की पालक नेमताना मुलाचं हित बघायचं. मुलाचं वय, मुलगा की मुलगी, त्याचा धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचा स्वभाव आणि ऐपत, नातं किती जवळचं, मेलेल्या आईबापाची काही इच्छा होती का, हे सगळं पाहायचं. आणि मग एक छोटं वाक्य येतं. मूल समजून-उमजून आपली पसंती ठरवण्याइतकं मोठं असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकेल.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांताच्या १८७२ सालच्या दिवाणी संहितेत जवळजवळ हेच शब्द आधी आलेले आहेत. तेव्हा हा विचार एकट्या हिंदुस्थान सरकारच्या डोक्यातून निघाला असं नाही. पण सात वर्षांपूर्वी सोळा वर्षांच्या मुलीला सुट्टीतही आईकडं जाऊ न देणाऱ्या साहेबाच्या राज्यात हे वाक्य आलं, हे थोडं नाही. मात्र यातले दोन शब्द नीट ऐकून ठेवा. एक, ‘मोठं असेल तर’. किती मोठं? वय लिहिलेलं नाही. ना सात, ना नऊ, ना बारा. दुसरा, ‘घेऊ शकेल’. ‘घेतलंच पाहिजे’ असं नाही. या दोन फटींतूनच पुढची सगळी भांडणं आत शिरली.

आणि त्याच कायद्याचं एकोणिसावं कलम काय म्हणत होतं? बाप जिवंत आहे आणि नालायक ठरलेला नाही, तोवर दुसरा पालक नेमायचा नाही. एका हातानं लेकराला दार उघडलं, दुसऱ्या हातानं बापाला उंबऱ्यावर बसवलं. या कलमात बापाबरोबर आईचं नाव यायला २०१० साल उजाडावं लागलं.

मुलाच्या मनाचा प्रश्न पुन्हा मोठ्या कोर्टात गाजला तो मद्रासेतून. जे. कृष्णमूर्ती हे तत्त्वज्ञ म्हणून पुढं जगभर गाजले. त्यांच्या लहानपणाची ही हकिकत. त्यांची आई लवकर वारली होती. वडील नारायणैया मद्रासजवळ अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात राहायला आले. सोसायटीच्या अध्यक्ष होत्या ॲनी बेझंट. होमरूल चळवळीमुळे त्यांचं नाव आपल्याकडंही घरोघर गेलं, पण हे त्याच्या आधीचं. कृष्णा मोठा जगद्गुरू होणार असं त्या मंडळींना वाटू लागलं. १९१० साली वडिलांनी कृष्णा आणि धाकटा नित्यानंद या दोघांचं पालकत्व बेझंटबाईंना लिहून दिलं. पुढं वडिलांचं मन फिरलं. तोवर मुलं शिक्षणासाठी विलायतेला गेली होती. १९१२ साली वडिलांनी दावा लावला की माझी मुलं परत द्या.

बेझंटबाईंनी स्वतः उभं राहून आपला खटला चालवला. मद्रास हायकोर्टात त्या हरल्या, अपिलातही हरल्या. मुलं बापाला परत करा, असा हुकूम झाला. मग प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढं गेलं. तेव्हा आपल्या खटल्यांची शेवटची पायरी तीच होती. १९१४ साली प्रिव्ही कौन्सिलनं मद्रासचा निकाल फिरवला. त्यांनी दोन गोष्टींवर बोट ठेवलं. मुलं इंग्लंडात राहतात, तेव्हा या पद्धतीनं इथल्या कोर्टात हा दावा चालायलाच नको होता, ही एक. आणि दुसरी, या दोन मुलांच्या वतीनं कोणी उभं राहिलं नाही, त्यांची इच्छा कोणी विचारली नाही. निकालाच्या वेळी कृष्णाला एकोणिसावं लागत होतं. दाढी-मिशा फुटलेल्या पोराला दोन वर्षं दोन कोर्टांनी पिशवीतल्या वस्तूसारखं इकडून तिकडं द्यायचा हुकूम केला, आणि ‘बाबा रे, तुझं काय म्हणणं?’ हे मद्रासेत कोणाच्या तोंडून निघालं नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला इथं खटकते. नारायणैया साधा पेन्शनर माणूस, समोर जगभर ओळखी असलेली बाई. मुलं तिच्या घरात, तिच्या खर्चानं, तिच्या माणसांत वाढत होती. मुलांनी जो काही कौल दिला असता, तो कितपत त्यांचा स्वतःचा असता? ज्याच्या घरी मूल राहतं, त्याच्या बाजूनं ते बोलतं. हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानं सुटला नाही, आणि आजही सुटलेला नाही.

मुंबई हायकोर्टाचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. १९४१ साली छापलेल्या एका निकालात मुख्य न्यायाधीश सर जॉन बोमंट यांनी म्हटलं की बापाचं हित किंवा आईचं हित हा मुद्दा नाही, मुलाचं हित हाच मुद्दा आहे. आणि आई नीट सांभाळणारी असेल, तर अगदी लहान मुलाला तिची जागा भरून काढणारं दुसरं कोणी मिळणं अशक्य आहे. हे आपल्यातल्या कोणत्याही आजीनं न शिकता सांगितलं असतं. पण कोर्टानं म्हटलं की त्याला वजन येतं. नंतरच्या कितीतरी खटल्यांत वकिलांनी हा निकाल पुढं केला.

स्वातंत्र्यानंतरचे कायदे आम्ही भरभर सांगतो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमात मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण ठरवताना शक्य तिथं मुलांच्या इच्छेप्रमाणे ठरवावं, असं आलं. वर्षभर आधी विशेष विवाह कायद्यातही तसंच आलं होतं. १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळ राहील असं आलं. पण नैसर्गिक पालक कोण? बाप, आणि त्याच्यानंतर आई. मुसलमान मैत्रिणींसाठी हिजानतचा नियम वेगळा आहे. हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईजवळ. धर्म कोणताही असो, शेवटी कोर्ट मुलाचं हित बघतं.

‘त्याच्यानंतर आई’ या दोन शब्दांवर पुढं लढाई झाली. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ साली मुलाच्या नावानं रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचा अर्ज केला. बँकेनं सांगितलं, बापाची सही आणा. त्या सुप्रीम कोर्टात गेल्या. १९९९ साली निकाल लागला की ‘त्याच्यानंतर’ म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप मुलाकडं बघत नसेल, दूर असेल, किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर आईच पालक. ज्या बायकांचे नवरे मुंबई-पुण्याला जाऊन वर्षानुवर्षं फिरकत नाहीत, त्यांनी हा निकाल ध्यानात ठेवावा. कायद्याच्या पुस्तकात मात्र शब्द अजून तेच आहेत.

आता जरा साक्षीकडं वळू. इच्छा सांगणं वेगळं आणि साक्ष देणं वेगळं. ‘मला आईजवळ राहायचंय’ ही इच्छा झाली. ‘बाबांनी आईला पेटवलं, मी दारातून बघितलं’ ही साक्ष झाली. आपल्याकडं पुष्कळांना वाटतं की लहान मुलाची साक्ष कोर्ट धरतच नाही. हे खरं नाही, आणि आजचंही नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात साक्षीदाराला वयाची अट नव्हती. विचारलेलं कळतंय आणि नीट उत्तर देता येतंय, एवढंच बघायचं. २०२४ च्या जुलैपासून त्या कायद्याच्या जागी नवा साक्ष कायदा आला, त्यातही तेच आहे.

१९५१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टापुढं आठ वर्षांच्या एका मुलीची साक्ष आली. अत्याचार तिच्यावरच झाला होता. शपथ म्हणजे काय हे तिला कळत नाही म्हणून खालच्या न्यायाधीशांनी तिला शपथ दिली नव्हती. आरोपीचे वकील म्हणाले, शपथ नाही तर साक्ष कसली? निकाल लिहिला न्यायमूर्ती विवियन बोस यांनी. हे आधी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते, म्हणजे आपल्या विदर्भातून गेलेले. त्यांनी सांगितलं की शपथ दिली नाही एवढ्यानं साक्ष बाद होत नाही. खरं बोलायचं असतं हे मुलाला कळतं का, ते न्यायाधीशानं तपासावं आणि तसं लिहून ठेवावं. आजही बारा वर्षांखालच्या मुलाला खरं बोलायचं कळत असेल पण शपथेचा अर्थ कळत नसेल, तर शपथ न देता साक्ष घेता येते.

म्हणूनच आपण न्यायाधीश मुलाला सुरुवातीला भलतेच प्रश्न विचारताना ऐकतो. कितवीत आहेस? गुरुजींचं नाव काय? खोटं बोललं तर काय होतं? हे वेळ काढणं नाही. मूल स्वतःच्या डोक्यानं बोलतंय की कोणी पढवून आणलंय, ते त्यातून कळतं. पढवलेल्या पोराचं बोलणं एका दमात, एका सुरात येतं आणि मधेच अडवलं की त्याला पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करावं लागतं. पोवाडा पाठ केलेल्यासारखं. अनुभवी न्यायाधीशाला ते लगेच दिसतं, आणि मग त्या मुलाच्या खऱ्या बोलण्यावरचाही विश्वास उडतो.

ताब्याच्या प्रकरणात मात्र मुलाला पिंजऱ्यात उभं करायची गरज नसते. न्यायाधीश त्याला आपल्या खोलीत बोलावतात. आईबाप बाहेर, वकील बाहेर. १९८४ च्या कायद्यानं कौटुंबिक न्यायालयं आली, आपल्या राज्यात १९८९ साली पुण्या-मुंबईत ती सुरू झाली, तिथं समुपदेशकही मुलाशी बोलतात. जिथं कौटुंबिक न्यायालय नाही, तिथं जिल्हा न्यायालय हे काम करतं.

असं बोलून काय घडतं, त्याच्या तीन गोष्टी सांगतो. नावं सांगत नाही, ती मुलं आता मोठी झाली असतील. तिन्ही प्रकरणं सुप्रीम कोर्टातली.

पहिली २००८ सालची, कोलकात्याकडची. आई गेलेली, आणि तिचा छळ करून तिचा जीव घेतल्याचा खटला बापावर चाललेला. मूल आईच्या आईवडिलांकडं वाढत होतं. खालच्या कोर्टांनी ताबा बापाला दिला होता, कारण कायद्यानं तोच नैसर्गिक पालक. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींनी मुलाला आपल्या खोलीत बोलावलं. त्यानं साफ सांगितलं, मला बाबांकडं जायचं नाही, मला आजी-आजोबांजवळच राहायचंय. कोर्टानं ताबा आजी-आजोबांकडं ठेवला आणि खालच्या कोर्टांनी मुलाला विचारायला हवं होतं, असंही सुनावलं.

दुसरी त्याच वर्षीची. दहाएक वर्षांचा मुलगा. आई शिकलेली, चांगली, तिच्यात खोट काढण्यासारखं काही नाही. मुलगा बापाजवळ रुळलेला, आणि न्यायमूर्तींपुढंही तेच म्हणाला. आई हरली. तिला भेटीचे दिवस मिळाले. बायकांच्या रेडिओवर बाई हरल्याची गोष्ट कशाला, असं कोणी म्हणेल. पण लेकराचं ऐका असं म्हणायचं आणि ते आपल्या बाजूनं बोललं तरच ऐका असं म्हणायचं, हे आम्हाला पटत नाही.

तिसरी २०१७ सालची. मुलगी दोन वर्षांचीही नव्हती तेव्हा बाप तिला घेऊन गेला. वर्षानुवर्षं ती बापाजवळ, आईची नीट ओळखही नाही. कोर्टात प्रकरण येईपर्यंत ती बापाच्याच बाजूनं बोलू लागली. इथं कोर्टानं तिची इच्छा शेवटचा शब्द मानली नाही. जी आई तिला दिसूच दिली नाही, तिच्याविषयी ती चांगलं सांगणार कुठून? तिला आईची मायाही अनुभवायला मिळाली पाहिजे, असं म्हणत आईच्या बाजूनं निकाल दिला. नारायणैयांच्या वेळचा जो प्रश्न आम्हाला खटकत होता, त्याला शंभर वर्षांनी कोर्टानं असा हात घातला.

तिन्ही ठिकाणी मुलाला विचारलं, पण तिन्हीकडं त्याचं वजन वेगळं पडलं. याला कोणी कोर्टाची मनमानी म्हणेल. आम्हाला तसं वाटत नाही, पण एक धोका नक्की वाटतो. ‘घेऊ शकेल’ या शब्दामुळं सगळं त्या खोलीतल्या माणसावर येऊन पडतं. ज्याला मुलांशी बोलता येतं, तो पाच मिनिटांत ओळखतो. ज्याला येत नाही, तो ओट्यावरचाच प्रश्न विचारतो, ‘आई पाहिजे का बाबा?’ मूल रडतं, आणि कागदावर लिहिलं जातं की मुलानं उत्तर दिलं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराच्या बाराव्या कलमात मुलाला आपलं मत मांडायचा हक्क दिला आहे, आणि भारतानं तो करार १९९२ साली मान्य केला. पण ते मत कसं विचारायचं, याचं शिक्षण प्रत्येक तालुक्याच्या कोर्टापर्यंत पोचलंय असं आपल्याला म्हणता येणार नाही.

विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरं अजून राहिलीत. पोरगा वंशाचा म्हणून सासरचाच, असं कुठल्याही कायद्यात नाही. नवऱ्याकडं पैसा जास्त म्हणून मूल त्याचं, असंही नाही. सुप्रीम कोर्टानं हे वेळोवेळी सांगितलंय, आणि १९७३ सालीच बजावलंय की मुलं म्हणजे आईबापाच्या मालकीच्या वस्तू नाहीत. घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली मॅजिस्ट्रेटकडून मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. त्यासाठी घटस्फोटाचा दावा लावावा लागत नाही. वकिलाला पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. बाईला आणि मुलाला तिथं फुकट वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

आणि तारखेच्या आदल्या रात्री लेकराला समोर बसवून ‘उद्या साहेबांना असं सांग, तसं सांग’ हे करू नका. त्याला जेवू घाला, लवकर झोपवा, आणि सकाळी एवढंच सांगा की साहेब विचारतील ते खरं खरं सांग, तू काहीही सांगितलंस तरी मी रागावणार नाही. पुढच्या वेळी आपण भेटीच्या दिवसांविषयी बोलू. मूल दुसऱ्याकडं असताना महिन्यातून किती वेळा, कुठं आणि कोणाच्या देखत भेटता येतं, ते. तोवर तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा.